हाती घेतलेली तंबाखू

पेलिकन लेक, ९ ऑक्टोबर २०१५

क्लेमेंट दादा,

रविवारी तू फोन आपटलास. मी फक्त फेरियर वकिलाचं नाव घेतलं होतं. पुढचं वाक्य ऐकलं असतंस तर कळलं असतं की फोन त्याच्यासाठी नव्हता, आईसाठी होता. म्हणून आता पत्र लिहिते. पत्र आपटता येत नाही. फाडता येतं, पण फाडण्याआधी माणूस एक नजर टाकतोच. आणि तू तर लहानपणी सिरपच्या डब्यावरचा मजकूरसुद्धा सोडायचा नाहीस.

इकडे सगळं ठीक आहे. तळ्यावर रानहंस जमलेत, दिवसभर नुसता कलकलाट. बर्था मावशी म्हणते, "यांचीपण सभा भरलीय. दक्षिणेला आधी कुणी उडायचं यावर ठराव होईना." शाळेची बस अजून मीच चालवते. आईला जरा खोकला आहे. थंडी सुरू झाली की या वयात व्हायचंच.

ती तुझी आठवण काढते असं लिहिलं तर म्हणशील, झालं हिचं सुरू. म्हणून ते लिहीत नाही. इतकंच सांगते की टेबलाशी ती अजून तुझी खुर्ची खिडकीकडे तोंड करून ठेवते, आणि गुरुवार सोडला तर त्या खुर्चीवर कुणी बसत नाही.

चार वर्षं झाली. वकिलांच्या चौकशी समितीच्या इमारतीबाहेर, गाड्या लावतात तिथे, आई फेरियरविरुद्ध बोलेना म्हणून सगळ्या वस्तीसमोर तू तिला विचारलंस, "तू आई कुणाची? माझी, की त्या वकिलाची?" ती खाली बघत राहिली, आणि तुला ते उत्तर वाटलं. तसाच ट्रकमध्ये बसलास तो थेट समुद्र लागेपर्यंत थांबला नाहीस. सुंभ जळेल पण पीळ जळायचा नाही, असा तू.

तुझा राग मला तेव्हाही कळत होता. फेरियर काही साधुसंत नाही, आणि मी त्याची वकिली करायला बसलेली नाही. समितीने त्याच्यावर अकरा ठपके ठेवले. अशिलांचे कागद न वाचताच सह्या घेतल्या. लोकांच्या भरपाईतून ठरल्यापेक्षा मोठा वाटा कापून घेतला. लोकांच्या सुनावण्यांना स्वतः न जाता शिकाऊ पोरं पाठवली. असे दहा. त्या दहांना मी मागच्या रांगेत बसून मान डोलावली होती, कारण दहाही खरे होते.

अकरावा तुझा होता. तू म्हणालास, माझी आई फिलोमिन लहानपणी टेकडीवरच्या, फादर लोकांच्या निवासी शाळेत होती ते या वकिलाने भरपाईच्या दाव्यात मांडलं, पण मोठेपणी तिने त्याच शाळेच्या धुलाईघरात काम केलं, ते वर्ष याने गाळलं. त्याला ते माहीतच नव्हतं, कारण त्याने म्हातारीला कधी विचारलंच नाही. दहा ठपक्यांवर त्याची सनद वर्षभरासाठी गेली असती. अकराव्यावर कायमची गेली.

तो ठपका मलाही खरा वाटला होता. आता तशी खात्री वाटत नाही. याहून जास्त मला आज लिहिता येत नाही.

उत्तर दे. नाही दिलंस तरी मी लिहीनच, माझा स्वभाव तुला ठाऊक आहे.

व्हर्ना


पेलिकन लेक, २ नोव्हेंबर

दादा,

उत्तर नाही, पण पत्र परतही आलं नाही. मी याचा अर्थ माझ्या सोयीने लावलाय.

गुरुवारचं तू विचारणार नाहीस, तेव्हा मीच सांगते. बर्था मावशीच्या पोटात काही राहत नाही, आणि तिचा नातू तुझ्याच गोदीवर कामाला लागलाय. दुसऱ्याच्या तोंडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. गुरुवारी आपल्याकडे फेरियर येतो. तुझ्या खुर्चीवर बसतो.

घे, ओरडून घे. मी थांबते.

अठ्ठ्याहत्तर वर्षांचा झालाय. नदीकाठचं मोठं घर विकलं, बायको आधीच गेली होती. रेजायना शहरात दोन खोल्यांत राहतो. गाडीतला हीटर बिघडलेला आहे, म्हणून तासाभराचा रस्ता कोटावर कोट घालून येतो. येताना संत्री आणतो. मग तो आणि आई टीव्हीवर कर्लिंगचे सामने, बर्फावर सरकणारे ते दगड, बघत बसतात आणि एकमेकांशी अवाक्षर बोलत नाहीत. ज्याच्या तोंडाचा पट्टा तीस वर्षं कुणाला थांबवता आला नाही, तो आपल्या घरी तास तास गप्प असतो. बर्था मावशी म्हणते, "बिचाऱ्याचे शब्द संपले. थोडे उसने देऊन ठेवले असते तर आज व्याजावर जगला असता."

तुला आठवतं ना, तो कसा होता? तिशीत विधानसभेत निवडून आला, पक्षाचा पुढारी व्हायला निघाला, आपल्याच लोकांशी भांडला, तोंडघशी पडला. पुढच्या निवडणुकीत मतदारांनी घरी बसवला. मग रेडिओवर बसून सगळ्यांना शिव्या घातल्या. आणि मग ते सामूहिक दावे. बाधलेल्या गोळ्या, फसवे ब्रेक, मोडलेले कृत्रिम खुबे. हजार लोकांचं दुखणं गोळा करायचं आणि एकच खटला उभा करायचा. रेजायनाच्या प्रत्येक बसथांब्याच्या बाकावर त्याचा फोटो आणि खाली लिहिलेलं: ‘तुम्ही एकटे नाही.’ तू मुद्दाम त्याच्या तोंडावर बसायचास. वस्तीत कुणाचा टोस्टर बिघडला तरी बर्था मावशी म्हणायची, "लाव फेरियरला फोन."

मग, आपली पोरं घरातून उचलून नेऊन ज्या शाळांत कोंडली, त्या शाळांच्या भरपाईचा दावा आला, आणि तो आपल्या सभागृहात उतरला. तू होतास त्या दिवशी. हरणाच्या मटणाचं सूप होतं, बॅनकची रोटी होती, आणि फेरियरच्या बगलेत खोकंभर तंबाखू. शहरात कुणीतरी त्याला सांगितलं होतं की या आदिवासी लोकांच्या म्हाताऱ्यांकडे काही मागायचं तर तंबाखू न्यायची असते. तेवढंच सांगितलं होतं. उचलली तंबाखू आणि आला. प्रत्येक पुडीला स्वतःचं कार्ड टाचलेलं! निवडणुकीची पत्रकं वाटावीत तशी वाटत सुटला. "घ्या, घ्या, लाजू नका. भरपूर आहे."

तू हसून हसून खुर्चीवरून पडायच्या बेताला आला होतास. म्हातारे मात्र हसले नाहीत. पाहुण्याने पुढे केलेली तंबाखू कशी नाकारणार? आणि घेतली, तर त्याने मागितलेलं दिलंच पाहिजे. त्याने मागितलं होतं ते एकच, त्या शाळेत तुमचं काय झालं ते सांगा. त्याला वाटलं आपण भेट दिली. त्यांना वाटलं आपण शब्द दिला.

म्हातारा इसिडोर बायकोपाशीसुद्धा कधी बोलला नव्हता. त्यानेही पुडी घेतली होती, म्हणून बोलला. सुनावणीत, एका शिकाऊ पोरीच्या शेजारी बसून. ती सारखं घड्याळ बघत होती. त्याच हिवाळ्यात दारू पिऊन तो बर्फात झोपला तो झोपलाच. हा ठपका त्या अकरांत नव्हता, दादा. कुणी मांडलाच नाही. कुठल्या कायद्याखाली मांडणार?

आईनेही घेतली होती. पुडी किटलीशेजारी पडून राहिली, फोडली नाही. मग एका सकाळी म्हणाली, "त्या बडबड्याला बोलव." तो आला तशी मला म्हणाली, "जा, ट्रकमध्ये बस."

"बाहेर उणे तीस आहे, आई."

"मग गाडीचा हीटर लाव."

मी बसले. खिडकीतून दिसत होतं. ती बोलत होती, तो लिहीत होता. बराच वेळ. मग तिने त्याच्या पेनावर हात ठेवला, आणि त्याने पेन खाली ठेवलं. ती आणखी काही बोलली. शेवटी तिने पुडी फोडली, थोडी तंबाखू तळहातावर घेतली आणि त्याच्यापुढे धरली.

त्याला काय करावं कळेना. धडा न करता आलेल्या पोरासारखा त्याने खिडकीतून माझ्याकडे पाहिलं. आईने हात तसाच धरून ठेवला. खूप वेळाने त्याने आपला हात पुढे केला.

तिने त्याच्याकडे काय मागितलं ते मला माहीत नाही. कित्येक वर्षं मला वाटत होतं, पैसे लवकर मिळवून दे असं म्हणाली असेल.

व्हर्ना


रेजायना, इस्पितळ, २८ नोव्हेंबर

दादा,

खोकला म्हणून लिहिलं ते खरं नव्हतं. फुप्फुसं गेली आहेत. उन्हाळ्यापासून माहीत होतं. तिने लिहू दिलं नाही. म्हणाली, "दुखण्यासाठी आला तर दुखण्याबरोबर जाईल. त्याला त्याच्या पायांनी येऊ दे." आता तिचं ऐकायला वेळ उरलेला नाही, म्हणून लिहिते. डॉक्टर आठवड्यांच्या गोष्टी करत नाहीत, दिवसांच्या करतात.

तिने तुला एक निरोप दिलाय. शब्द तिचेच आहेत. "त्याला सांग, मी त्याला टाकून गेले नव्हते. मला काढलं होतं."

बाबा वारले तेव्हा तू पिऊन आला होतास आणि धान्याच्या कोठीमागे मला म्हणाला होतास, "मी आठ वर्षांचा होतो. रोज ती आवारातून कपड्यांची टोपली घेऊन जायची आणि मला दिसायची. एक दिवस तिने टोपली खाली ठेवली आणि निघून गेली. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही." मी विसरले नाही. तूही विसरलेला नाहीस. तो वकील निमित्त आहे, दादा. तुझं भांडण त्या टोपलीशी आहे.

तर ऐक. तुझ्याजवळ राहता यावं म्हणून तिने ते धुलाईघर धरलं होतं. हिवाळ्यात तिच्या नजरेला काहीतरी पडलं. ती थेट मोठ्या फादरच्या खोलीत गेली आणि ओरडली. त्या इमारतीत आपल्यातली बाई तोपर्यंत कधी ओरडली नव्हती. त्यांनी तिला तशीच, अंगात स्वेटर घालू न देता, ट्रकमध्ये घातलं आणि हमरस्त्यावर सोडलं. बजावलं, पुन्हा फाटकाशी दिसलीस तर पोराला इतक्या लांबच्या शाळेत पाठवू की तुला पत्ता लागणार नाही. म्हणून ती उन्हाळ्यापर्यंत आली नाही. मागे वळून पाहिलं नाही, कारण एकाने मान धरली होती.

मी विचारलं, "आई, तुला दिसलं काय?"

तिने तोंड भिंतीकडे केलं. "ते माझं नाही. ते त्याचं आहे. दुसऱ्याची गोष्ट आपण सांगत नसतो."

तेव्हा मला उमगलं की तिने त्या तळहातावरच्या तंबाखूने काय मागितलं होतं. ते वर्ष सुनावणीत काढलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, तुम्हाला का काढलं? काय दिसलं? कुणाचं? तिला ते कुणाला कळू द्यायचं नव्हतं. तू स्वतः सांगेपर्यंत नाही.

मी तुला काही विचारत नाही. तू कायम म्हणत आलास, मला काही झालं नाही, मी अर्ज करणार नाही, मी त्या रडक्यांतला नाही. बरं. ते तुझं आहे. मी ट्रकमध्येच बसलेली आहे असं समज.

फेरियर इथे रोज येतो. काल मी त्याला चहाच्या यंत्रापाशी गाठला.

"तुम्हाला ते वर्ष माहीत होतं," मी म्हटलं.

"कुठलं वर्ष?"

"आईने सांगितलं होतं तुम्हाला. समितीने तर विचारलं होतं, बचावात काही म्हणायचंय का. तुम्ही म्हणालात, नाही. एक वाक्य बोलला असतात तर सनद वाचली असती."

"व्हर्ना, मी बोलून निवडणूक घालवली, बोलून बायको घालवली. एकदा गप्प बसून सनद गेली, तर एवढं काय त्यात?"

"माझा भाऊ तुमच्यावर उलटला होता, आणि तुम्ही त्याच्यासाठीच…"

"मी काही म्हटलेलं नाही." त्याने इतक्या घाईने मला तोडलं की चहा हातावर सांडला. "मी कुणाचं नाव घेतलेलं नाही. तू काही ऐकलेलं नाहीस." मग हात पुसत म्हणाला, "तोवर मला वाटायचं, तंबाखू नुसती द्यायची असते. घ्यावीही लागते हे तुझ्या आईने शिकवलं."

मला रागच आला. एकदम चांगुलपणाचा आव कशाला? मी म्हटलं, "आणि इसिडोर?"

तो भिंतीला टेकला. म्हातारा दिसतोच, पण तेव्हा फार म्हातारा दिसला. "त्याच्या खिशात माझं कार्ड सापडलं होतं," तो म्हणाला. "पोलिसांनी मलाच फोन केला, त्यांना वाटलं मी नातेवाईक." तो बरा माणूस आहे असं मी तुला सांगत नाही, दादा. तुझ्या बाबतीत तो शब्दाला जागला, एवढंच सांगते.

विमानाचं तिकीट मी काढलंय, काउंटरवर तुझं नाव सांग. रागावलेलाच ये. तिच्याशी बोलू नको वाटलं तर बोलू नकोस. नुसता दारात उभा राहा, तिला दिसशील असा.

व्हर्ना


पेलिकन लेक, १३ डिसेंबर

क्लेमेंट,

आई मंगळवारी सकाळी गेली.

शेवटपर्यंत ती दाराकडे तोंड करून होती. नर्स कुशीवर वळवायची, ती पुन्हा दाराकडे वळायची.

घराबाहेर चार दिवस जाळ ठेवायचा असतो. पहिलं लाकूड मुलाने टाकायचं. माणसं जमली, सूप शिजलं, पत्ते मांडले गेले, सगळे रस्त्याकडे बघत होते आणि मी मात्र बघत नसल्याचं दाखवत होते. दुपारी एक गाडी वळली. सगळे उठून उभे राहिले. फेरियर होता.

टोपी काढून, कान लाल झालेले, तो लाकडांच्या ढिगापाशी उभा राहिला. शेवटी बर्था मावशी खेकसली, "खांबासारखा उभा काय राहिलास? इथे भाषण नाहीय. लाकूड टाक."

तो म्हणाला, "ते माझं काम नाही. त्याचं आहे."

"ज्याचं आहे तो कुठे दिसतोय तुला?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी होकाराची मान हलवली. काय करणार होते? चार दिवस तो आला आणि लाकडं टाकत राहिला. गुडघे वाकत नव्हते, दर वेळी ढिगाऱ्याला हात टेकून उठायचा. प्रत्येक ओंडका दोन्ही हातांनी हळूच सोडायचा. बर्था मावशी म्हणाली, "लाकूड टाकतोयस की मत?" सगळे हसले. मीही हसले, रडत होते तरी. आईला आवडलं असतं.

तुझं काम तुझ्या शत्रूने केलं. याहून मला काही लिहायचं नाही.


पेलिकन लेक, ७ जानेवारी २०१६

दादा,

माझा राग गेलेला नाही. पण आईने सांगितलेलं एक काम माझ्याकडून राहिलंय, आणि ते राहिलं तर ती मला चैन पडू द्यायची नाही.

सोबत लाल फडक्याची गाठ आहे. ती लगेच सोडू नकोस. आधी हे वाच.

आत तंबाखू आहे. तीच, फेरियरने सभागृहात दिलेल्या पुडीतली. आईने त्यातली थोडी त्याला दिली आणि उरलेली इतकी वर्षं ठेवली. गाठ तिने इस्पितळात स्वतः बांधली, बोटं वळत नव्हती तरी मला हात लावू दिला नाही.

म्हणाली, "त्याला पाठव. आणि सांग, घ्यायलाच पाहिजे असं नाही. मला कुणी न विचारता दिली होती. मी त्याला विचारून देतेय."

"आणि मागायचं काय?" मी विचारलं.

"कुणाला तरी सांग, म्हणावं. एकालाच. मी नसेन. तुला सांगायला हवं असंही नाही. ज्याच्या पोटात राहील असं त्याला वाटेल, त्याला सांगू दे."

एवढंच, दादा. आता अर्ज नाही, मुदत कधीच संपली. सुनावणी नाही, पैसे नाहीत, कुणी वाटा कापणार नाही, कुणी घड्याळ बघणार नाही. नको असेल तर गाठ एखाद्या झाडाच्या मुळाशी ठेव. तिकडे तुमच्याकडे देवदार फार मोठे असतात म्हणे. आई रागावणार नाही. हेही तिनेच लिहायला सांगितलंय.

मी रागावेन की नाही, ते मला अजून माहीत नाही.

तुझी खुर्ची खिडकीकडेच आहे. मी हलवली नाही.

व्हर्ना


पेलिकन लेक, २४ मार्च

दादा,

हिवाळ्यात दक्षिणेला गेलेले कावळे आज परत आले. रस्त्याच्या कडेचा बर्फ काळा पडलाय, बस चिखलात रुतायला लागली आहे. पोरं खूश, शाळेला उशीर होतो.

आज गुरुवार. आई गेल्यावरही फेरियर येतो. संत्री आणतो, टीव्ही लावतो, मी माझं काम करते. तुझ्या खुर्चीवर आता बसत नाही, बाकड्यावर बसतो. का ते मी विचारलेलं नाही. आज दुपार झाली तरी आला नाही म्हणून मी रस्त्याकडे बघत होते, तेवढ्यात त्याचा फोन आला.

"आज येत नाही, व्हर्ना. पाहुणा आलाय."

"तुमच्याकडे? पाहुणा?"

"हो."

"कोण?"

तो म्हणाला, "मी आता वकील नाही. पण सांगता येणार नाही."

मागे कुणीतरी कपात चमचा फिरवत होतं. फिरवतच होतं. आपल्या घरात असा चहा एकच माणूस ढवळायचा, आणि बाबा ओरडायचे, "बस कर, कप फोडशील."

नाव ओठांवर आलं होतं. घेतलं नाही.

"घरात खायला काय आहे तुमच्या?" मी विचारलं.

"अंडी आहेत."

"अंडी नको त्याला." निघून गेलं तोंडातून. "म्हणजे पाहुण्यांना. कोपऱ्यावरच्या दुकानातून सूप आणा, आणि पाव."

"आणतो."

"आणि मध्ये मध्ये बोलू नका."

"नाही बोलणार," तो म्हणाला. "फोन ठेवतो, व्हर्ना. माझी एक मूठ बंद आहे, नीट धरता येत नाही."

त्याने ठेवला. मी मात्र तशीच फोन कानाला लावून उभी राहिले.

रेजायना इथून तासाभरावर. दादा, तू तिथवर आलायस. आई असती तर सरपटत गेली असती. मीही किल्ली घेतली, कोट चढवला, ट्रकमध्ये जाऊन बसले. स्टिअरिंगला हात लावला आणि मग मला आठवलं, मला कुठे बसायला सांगितलं होतं ते. इंजिन सुरूच केलं नाही. काच खाली करून बसून राहिले, अंधार पडेपर्यंत. आत बोलणं चाललेलं असताना बाहेर कसं बसायचं, हे मला येतं.

बर्था मावशी फाटकाशी येऊन ओरडली, "गाडी बिघडली का? लावू का फेरियरला फोन?"

"नको," मी म्हटलं. "आज तो कामात आहे."

हे पत्र तुझ्या प्रिन्स रूपर्टच्या पत्त्यावर टाकते. ते पोचेल तेव्हा तू तिकडे परत गेलेला असशील, किंवा नसशीलही. फाटकाला साखळी घातलेली नाही, नुसतं लोटून घेतलंय.

व्हर्ना